बिनकामाच्या सामानाची यादी

३ मार्च, सोमवार
ऑफिस नव्या जागेत चाललंय. तिथे टेबलं बारा, आम्ही तेरा. साहेब म्हणाले, टाकून द्यायच्या सामानाची यादी करा, शुक्रवारपर्यंत. एवढं विश्वासाचं काम मलाच दिलं म्हणजे माझं टेबल पक्कं! बायकोने विचारलं, बाकीच्यांना काय दिलंय? बाकीचे नुसती कामं करतायत.

४ मार्च
नुसती यादी कुणीही करेल. प्रत्येक वस्तूपुढे इंग्लिश म्हण टाकणार. मुलीचं ग्रामरचं पुस्तक घेतलं. बंद झेरॉक्स मशीन: व्हाइट एलिफंट. पांढरा हत्ती, पोसायचा नुसता. वा! दिवसात एकच वस्तू झाली, पण दर्जा म्हटला की वेळ लागतो. बायको म्हणाली, बिनकामाच्यांना मराठीत शब्द कमी पडले का? मी रोज दोन-तीन वापरते. कुणासाठी, ते सांगितलं नाही.

६ मार्च
कपाटं नऊ. नऊ म्हणी कुठून आणू? आत काय आहे बघायला सवड कुणाला! टायपिस्टबाई मदत करू का म्हणाल्या. नको म्हटलं. त्यांच्या रिटायरमेंटला आठ महिने उरलेत. तेराव्या त्याच, बिचाऱ्या. त्यांच्यासाठीही सापडली: डेड वुड. वाळकं लाकूड. यादीत नाही घातली, मी काही वाईट माणूस नाही.

७ मार्च, शुक्रवार
यादी अर्धी. सोमवारी देतो म्हटलं. साहेब काही बोलले नाहीत. म्हणजे चालतंय. मुलीने नवी म्हण दिली: चॉकलेट टीपॉट. चॉकलेटची किटली. चहा ओतला की किटलीच वितळते!

१० मार्च
किटली माझ्या खुर्चीला दिली. एक हात तुटका, बसलं की कुरकुर. नव्या जागेत फिरती खुर्ची मिळणारच. शेवटचा नंबर, एक्केचाळीस. साहेबांनी विचारलं, कपाटांत काय आहे? म्हटलं, तेवढं राहिलं. टायपिस्टबाईंनी लगेच कपाटांची यादी पुढे केली. डब्याच्या सुट्टीत केली म्हणे. एकही म्हण नाही! साहेबांनी तीच ठेवून घेतली.

१३ मार्च
बसण्याचा नकाशा बोर्डावर लागला. टायपिस्टबाई खिडकीजवळ. माझं नाव नाही. चष्मा पुसून पाहिलं. नाही. केबिन देणार असतील. साहेब म्हणाले, तुम्ही सध्या इथेच थांबा, भंगारवाला येईल. 'सध्या' म्हणाले, हे महत्त्वाचं. घरी सांगितलं, जुन्या ऑफिसचा चार्ज मिळाला. जेवण गेलं नाही.

१७ मार्च, दुपारी ४
भंगारवाला आला. यादी दिली. त्याला इंग्लिश येत नाही. लोखंड किती, लाकूड किती, एवढंच विचारत होता. शेवटचा आकडा बघून यादी रद्दीच्या गठ्ठ्यात खोचली. एकेक वस्तू टेम्पोत चढली. मग येऊन माझ्यासमोर उभा राहिला. काका, चाळीस झाल्या, म्हणाला. जरा उठता का?

उठलो.

हे खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून, उभ्याने लिहितोय.