ठिणगी पडायच्या आधी

मोताळा,
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय समता,

कशी आहेस? इकडे सगळं ठीक. कापसाची वेचणी सुरू झालीय, सोयाबीन घरात येऊन पडलंय, ओसरीत पाय ठेवायला जागा नाही. बाबांची तब्येत चांगली आहे. 'बाबांना बरं नाही' असं सांगून मी निघाले होते, ते खरं नव्हतं.

तुझे फोन दिसतात आणि मी उचलत नाही. तू मध्येच बोलशील आणि माझं सांगायचं राहून जाईल, म्हणून कागद घेतला. तरी दुपारपासून नुसती उठबस चाललीय.

मशीनचं व्होल्टेज कुठपर्यंत नेलंस? हळू चढव. त्यातल्या तांब्याच्या डाव्या तुकड्याचं शेवटचं पॉलिश मी केलं होतं. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.

काल जेवताना बाबांनी विचारलं, "बाई, तू तिथं नेमकं करतं काय?"

सांगितलं. आरशासारखे घासलेले तांब्याचे दोन तुकडे, मध्ये केसाएवढी फट, हवा काढून टाकलेली. वीज वाढवत नेली की तांब्याचा वरचा भाग ओढला जातो, आतले थर सरकतात, कुठेतरी बारीकसं टोक वर येतं आणि तिथे ठिणगी पडते.

"मंग कुठं फुटन ते आधी कयत नाही?"

"नाही बाबा."

"अन् फुटल्यावर?"

"फुटल्यावर खड्डा राह्यते. तिथं आधी काय होतं, ते त्याच्यातच जळून जाते."

"म्हंजे कारण हातीच लागत नाही," ते म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.

रात्री भांडी आवरताना आईने माझ्याकडे न बघताच विचारलं, "कितवा चालू हाये तुले?"

हो, समता. तिसरा महिना.

"मंग लपवाले काय झालं? काऊन पयून आली?"

तिला काय सांगणार? मागच्या वर्षीचं बाळ राहिलं नाही, हे तिला माहीतच नाही. ते फक्त नवरा म्हणून गोकुळला आणि मैत्रीण म्हणून तुला.

मशीनमधून क्ष-किरण निघतात, ते शिशाच्या भिंतीआड राहतात, बाहेर मीटर शून्य दाखवतो. नव्या मुलांना हे मीच शिकवते. गोकुळ म्हणाला, "मग तुझा तुझ्यावर विश्वास नाही का?" आहे. पण त्या सकाळी बटणाकडे हात नेला आणि तो पुढे जाईना. पिशवी भरून निघाले. तुला वाटलं असेल, ऐन वेळी टाकून गेली. टाकूनच गेले.

आणखी एक, आणि हेच लिहायला इतका वेळ लागला. मागच्या वर्षी दवाखान्यात मी डोळे उघडले तेव्हा तू हात धरून म्हणालीस, "मशीनचा काही संबंध नाही, सुचिता." मी तर काही विचारलंच नव्हतं. तुलाही तीच भीती वाटत होती ना? मग वर्षभर एकाच टेबलाशी बसून आपण दोघी एकमेकींशी का बोललो नाही?

सरांना कळवलंय, बाळंतपण होईपर्यंत मी मशीनपाशी येणार नाही. खड्ड्यांचे फोटो मायक्रोस्कोपवर मी बघेन. भित्री म्हणतील. म्हणू देत.

दिवाळी झाल्यावरच्या सोमवारी बुलढाण्याला सोनोग्राफी आहे. मागच्या वेळी पडद्याकडे बघता बघता डॉक्टर बोलायच्याच थांबल्या होत्या. आई सोबत येईल, पण तिच्यासमोर मला धीर धरावा लागेल. तू आलीस तर मशीन बंद ठेवावं लागेल आणि पुन्हा खालपासून चढवत आणावं लागेल. त्यात किती दिवस जातात, हे मला कुणी सांगायला नको. तरी विचारते.

येशील?

तुझीच, आणि या वेळी स्वतःहून विचारणारी,
सुचिता