पांढऱ्या दोऱ्याचा डबा

१८ ऑक्टोबर, रविवार

यंदा दिवाळी जोरात करायची. ठरलं म्हणजे ठरलं. गेल्या वर्षी इथे परदेशात नवीन होतो, असाइनमेंट होती, शिवाय सर्दी. यंदा सबब चालणार नाही. प्लॅन: नरक चतुर्दशीला पहाटे उठून उटणं लावून आंघोळ. संध्याकाळी हॉस्टेलच्या किचनमध्ये मजल्यावरच्या सगळ्यांना फराळ, सोबत आपल्या सणावर स्लाइड शो. तीन स्लाइड झाल्या. तिन्ही शीर्षकाच्याच आहेत, फॉन्ट ठरत नाहीये.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ते राहू दे, टिल्लूला फोन केलास का? मी म्हटलं, आई, आवाज तुटतोय.

२१ ऑक्टोबर

आवाज तुटत नव्हता.

टिल्लू म्हणजे आमच्या समोरच्या दारातला. बालवाडीपासून आम्ही एका बाकावर. आता सहा फूट उंच झालाय, पण नाव टिल्लूच. इथेच शिकतो, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत, बसने दोन तास. जूनमध्ये त्याचे बाबा गेले. ध्यानीमनी नसताना. तो घरी जाऊन आठवड्यात परत आला, कारण त्याची परीक्षा होती.

मी तेव्हाच मेसेज लिहायला घेतला होता. तो अजून ड्राफ्टमध्ये आहे. घाईघाईत काहीतरी खरडून पाठवणं काकांच्या बाबतीत मला पटत नाही. मेसेज चांगला व्हायला हवा. वेळ लागतो.

२५ ऑक्टोबर, रविवार

पार्सल आलं! पत्र्याचे दोन डबे, फराळाने गच्च. आईच्या सूचना: लाल दोरा बांधलेला तुझा, पांढरा दोरा टिल्लूचा. त्यांच्याकडे वर्षाच्या आत कढई चढायची नाही, त्यांचा फराळ शेजाऱ्यांनीच द्यायचा असतो. काकूंना मी देतेय, त्याला तू दे. दिवाळीच्या आधी, हातात नेऊन. कुरिअर केलंस तर माझ्याशी गाठ आहे.

निश्चय १: येत्या शनिवारी टिल्लूकडे.
निश्चय २: स्वतःच्या डब्याला दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. तो पार्टीचा आहे. वरून टेप गुंडाळली आणि कपाटावर ठेवला. रूममेटला बजावलं, मी उघडायला लागलो तर अडव. त्याने मान हलवली. कानात हेडफोन होते, पण मान हलवली.

२७ ऑक्टोबर

आज काकांची आठवण आली. दर दिवाळीला काकू चकल्या करून डबा माळ्यावर ठेवायच्या. देवाला दाखवल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्या दूध आणायला खाली उतरल्या की काका स्टुलावर चढायचे. आम्हा दोघांना एकेक, स्वतःला दोन. काकूंनी डोळे वटारले की अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणायचे, तपासणीत थोड्या गेल्या.

त्यावरून सुचलं. डबा एवढा विमानाने आलाय, आत भुगा झाला असेल तर? न बघता देणं बेजबाबदारपणाचं. पांढरा दोरा सोडला. एकच चकली घेतली, तीसुद्धा तुटलेली.

करपलेली निघाली! बरं झालं पाहिलं.

२९ ऑक्टोबर

मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी. एका नगावरून निष्कर्ष काढणं मला शोभत नाही. आज रीतसर पाहणी केली. चकल्या: सरसकट करपलेल्या. लाडू: बसलेले. शंकरपाळे: दात शाबूत असलेल्यांसाठी. चिवड्यात काजू शोधावे लागतात. आईचा हात यंदा चाललेला नाही. निदान या डब्यात तरी नाही. माझ्या डब्यातला माल नक्की वेगळा असणार, शेवटी आई माझी आहे.

बिचाऱ्याचे बाबा गेले आणि त्याच्या हातात हे ठेवायचं? म्हणजे दुःखावर डागण्या. जितकं करपलेलं मी काढून टाकीन तितकं त्याच्या वाट्याला कमी येईल. खरं तर हे मैत्रीचंच काम आहे. घसा धरला, पण केलं.

३१ ऑक्टोबर, शनिवार

टिल्लूकडे गेलो नाही.

म्हणजे निघालो होतो. आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, पिशवीत डबा, सगळं. बस आली, थांबली, दार उघडलं. ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. तिकडे गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं हे तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, म्हणजे ठरलेलं नाही हे लक्षात आलं. मी दुसऱ्या बसची वाट बघतोय असा चेहरा केला. दार मिटलं.

त्या थांब्यावर दुसरी बस येतच नाही. ड्रायव्हरला माहीत असणार.

घरी येऊन बेडवर बसलो. पिशवी मांडीवर. शंकरपाळे खाल्ले. कडक होते, पण खाताना दुसरं काही सुचत नाही, हे एक बरं.

३ नोव्हेंबर

डब्यात तळाशी थोडा चिवडा आहे. म्हणजे मोहरी आहे आणि कढीपत्ता आहे.

मला लाज वाटते. हे वाचणारं कुणी नाही म्हणून लिहितो. बाप गेलेल्या पोराचा फराळ मी खाल्ला.

आईचा फोन. दिलास का? मी म्हटलं, देतोय. हे व्याकरणाच्या दृष्टीने खोटं नाही. ती म्हणाली, बरं. आईचं हे बरं मला लहानपणापासून आवडत नाही.

५ नोव्हेंबर

नवा निश्चय: टिल्लूच्या चकल्या आपण स्वतः करायच्या. आईपेक्षा वाईट काय होणार आहेत! सोऱ्या नाही म्हणून दुधाच्या पिशवीला कोपऱ्यात भोक पाडलं. पहिली चकली तेलात गेली आणि तिची रांगोळी झाली. दुसरीच्या वेळी पिशवीच आत गेली. मग धूर, मग अलार्म.

सगळी बिल्डिंग भरदुपारी फूटपाथवर. रूममेट हातात आपली कुंडी घेऊन उभा होता, पासपोर्ट वर खोलीतच ठेवून. मॅनेजरबाईंनी विचारलं, काय चाललं होतं? मी म्हणालो, सण. त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला आणि मला दिवाळी होईपर्यंत शेगडी बंद केली.

किचनच्या बोर्डवर माझं आमंत्रण अजून आहे. अकरा जणांनी खाली सह्या केल्यात. एकाने हृदय काढलंय.

६ नोव्हेंबर, धनत्रयोदशी

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही.

सकाळी सगळ्यांना एकदम शुभेच्छा पाठवल्या. उडणारा भुईनळा, खाली सोनेरी अक्षरात: ही दिवाळी आपल्या घरी आनंदाची, भरभराटीची जावो. यादीतले सगळे सिलेक्ट केले आणि बटण दाबलं. कपडे धुण्याच्या मशीनपर्यंत गेलो आणि लक्षात आलं. सगळे म्हणजे टिल्लूसुद्धा.

पाच महिन्यांत त्याला माझा पहिला मेसेज, तो हा. भुईनळा.

धावत येऊन डिलीट केला. तिथे आता मेसेज डिलीट केल्याची पाटी दिसते. टिल्लूने लिहिलं, बोल. मी लिहिलं, काही नाही, चुकून. त्याने लिहिलं, बरं.

हे बरं आईच्या बरंपेक्षा वाईट.

७ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर कपाटावरच्या डब्याकडे बघत होतो. शेवटी ठरवलं. माझा डबा टिल्लूला द्यायचा. लाल दोऱ्याचा, अखंड, टेप न काढलेला. आईने खास माझ्यासाठी केलेला! माझी दिवाळी गेली तर गेली. अकरा जण उपाशी राहिले तर राहिले. इतका मोठा त्याग आमच्या घराण्यात कुणी केल्याचं ऐकिवात नाही. निर्णयानंतर एकदम हलकं वाटलं. रूममेटला सांगितलं, उद्याची दिवाळी तू सांभाळ. तो म्हणाला, दिवाळी म्हणजे नक्की काय करायचं? स्लाइड्स त्याच्या हवाली केल्या.

८ नोव्हेंबर, नरक चतुर्दशी, बसमध्ये

पहाटे उठता आलं नाही. उटणं राहिलं. तोच ड्रायव्हर. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी चढलो, त्याने नुसतं दार मिटलं. भला माणूस.

वाक्य पाठ केलंय: काकांचं कळलं तेव्हा मला काय बोलावं तेच सुचेना, म्हणून फोन केला नाही, माझं चुकलं. तीनदा म्हणून पाहिलं. शेजारची बाई दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

त्याच दिवशी, दुपारी

टिल्लूने दार उघडलं. वाळलाय. काकांचा करड्या रंगाचा स्वेटर घातला होता, बाह्या त्याला आखूड.

माझं वाक्य गेलं. अख्खंच गेलं. डबा पुढे केला आणि तोंडातून निघालं ते असं, की हा माझा डबा आहे, तुझ्यातल्या तपासणीत गेल्या.

टिल्लूने डबा हातात घेतला. म्हणाला, किती?

मी म्हणालो, सगळ्याच.

तो म्हणाला, बाबा निदान थोड्या म्हणायचे.

आणि हसायला लागला. हसता हसता दाराच्या चौकटीला पाठ लावून खाली बसला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मीही बसलो. काय करणार! एवढा मोठा माणूस उंबरठ्यावर बसून रडतोय. मलाही आवरलं नाही. कॉरिडॉरमधून एक मुलगी कपड्यांची बादली घेऊन आली आणि सॉरी म्हणत आमच्या पायांवरून गेली.

बऱ्याच वेळाने टिल्लूने विचारलं, फोन का नाही केलास रे? मी म्हणालो, घाबरलो. तो म्हणाला, मला वाटलं, विसरलास. हे ऐकून मला बसमधल्या सीटखाली जाऊन बसावंसं वाटलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

टेप टिल्लूनेच काढली. चकल्या सोनेरी, एकसारख्या. लाडू गोल गरगरीत. अनारसेसुद्धा! पहिल्या डब्यात अनारसे नव्हतेच. मी त्यागाच्या तेजात जरा बाजूला बसलो होतो.

आईला व्हिडिओ कॉल केला. टिल्लूने डबा कॅमेऱ्याला दाखवला. आई म्हणाली, पोचला का टिल्लूचा डबा! मी म्हटलं, आई, हा माझा. लाल दोरा. ती म्हणाली, लाल दोऱ्याचा टिल्लूचाच होता, तुला मी मुद्दाम उलटं सांगितलं. पहिला घाणा करपला तो तुझ्या डब्यात भरला, चांगला त्याच्या. आपलं तेवढं झाकून ठेवायचं आणि दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा, ही तुझी खोड मला माहीत नाही का? ते संपलं की लाजेपोटी जपलेला नेऊन देशील, हेही माहीत होतं. एवढा काही तू वाईट नाहीस.

म्हणजे त्यागबिग काही नाही. मी माझाच फराळ खाल्ला आणि टिल्लूचा टिल्लूला दिला. सामानाची ने-आण.

आईने मग टिल्लूशी बोलायला घेतलं, काकूंनाही समोरच्या दारातून बोलावून आणलं. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. रूममेटचा फोटो आला होता: अकरा जण, वेफर्सची पाकिटं, मागे भिंतीवर माझी शीर्षकाची स्लाइड. तिसऱ्या फॉन्टमधली.

निश्चय: दर रविवारी टिल्लूकडे यायचं. बस माहीत झालीये.

फोन ठेवल्यावर टिल्लूने मला दोन चकल्या दिल्या. मी मागितल्या नव्हत्या. एक मागितली होती.