चौथी अट

३ फेब्रुवारी १९४९, आक्रा

साहेब गेले! बोटीत चढेपर्यंत शाळांच्याच सूचना देत होते. नवा शिक्षण संचालक नेमेपर्यंत खातं माझ्याकडे — हंगामी. आठ वर्षांत चौथ्यांदा हंगामी! या वेळी मात्र साहेब रजेवर नाहीत, निवृत्त झालेत. आणि जागा आपल्यातल्याच कुणा आफ्रिकी माणसाला द्यावी, अशी वर कुजबुज आहे. आपल्यातला म्हणजे मीच. दुसरा आहे कोण?

हेडक्लार्क बॉचवे म्हणतो, "एसिल्फीसाहेब, खुर्ची जरा बुटकी करून घेऊ का? तुमचे पाय लोंबकळतात." गाढव! पण हसू आलं.

५ फेब्रुवारी

धुळीचा वारा. नाक चोंदलंय.

९ फेब्रुवारी

सचिव थॉर्नबींकडून संचालकाच्या जागेच्या जाहिरातीचा मसुदा आला. १९३१ सालचाच, जसाच्या तसा. वर पेन्सिलीनं शेरा — 'पाहून योग्य ते बदल करावेत.' पगार बदलला. रजेचा नियम बदलला. मग चौथी अट: वरिष्ठ हुद्द्यावर बारा वर्षं. आमच्या खात्यात आफ्रिकी माणसाला तो हुद्दा मिळू लागला त्यालाच आठ वर्षं झालीत!

हात थांबला. तासभर कागद पुढ्यात घेऊन बसलो. माझ्या आड येणारी अट मीच खोडायची? उद्या म्हणतील, हाती कागद आला आणि काळ्यानं आधी स्वतःची सोय पाहिली. नाही खोडली. सही करून पाठवून दिला. ते काय आंधळे आहेत? निवड समितीच सूट देईल.

१० फेब्रुवारी

अराबाला सांगितलं. ती मासे तळत होती.

"एबोचे बाबा, ही लाज एक दिवस तुम्हाला नडणार."

"लाज नव्हे, तत्त्व आहे ते."

"बरं. मग ही मक्याची केंकी तत्त्वाला वाढू की तुम्हाला?"

मासा एकच वाढला. बायकोशी तत्त्वाच्या गोष्टी बोलू नयेत.

२ मार्च

अर्ज दिला. चौथ्या रकान्यात खरं तेच लिहिलं — आठ.

१९ एप्रिल

संचालक म्हणून न्यासालँडहून कुणी साहेब येतोय. आमची एकही भाषा त्याला येत नाही. खेड्यांत पहिली तीन वर्षं मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवायची माझी योजना — तीही गेलीच म्हणायची. राग आलाय. फार राग आलाय. बॉचवेनं न मागता दोनदा चहा आणून ठेवला.

२१ एप्रिल

न राहवून थॉर्नबींकडे गेलो. सूट का दिली नाही, सरळ विचारलं.

"सूट? अहो, ती अट तुम्ही खोडावी म्हणून तर मसुदा तुमच्याकडे पाठवला! समितीतल्या पाचांपैकी चौघे तुमच्या बाजूचे होते. तुम्ही ती तशीच ठेवलीत — आम्ही समजलो, तुम्हालाच जागा नको आहे."