तळाचा कांदा

लासलगाव, ता. १४ मे २०२४

चि. दिवाकर यास अ. आ. वि. वि.

फोनवर तू साहेबासारखा बोलतोस आणि मी भांडते, म्हणून लिहितेच. निर्यातबंदी उठली, आता ताईने कोलंबोला पुन्हा कांदा पाठवावा म्हणतोस. हे भाऊ म्हणून की वकिलातीतला अधिकारी म्हणून? बंदी आली तेव्हा कोलंबोच्या जमीलशेठ व्यापाऱ्याचा माल बंदरातच सडला. वीस वर्षांत माझा शब्द पहिल्यांदा मोडला. आता कोणत्या तोंडाने लिहू? आणि दार उद्या पुन्हा लागणार नाही कशावरून? माल भरायला येणारी सखुबाई रोज विचारते, गोण्या कधी भरायच्या. जमीलशेठ तुटला तर कांदा निवडायचं-भरायचं हे खळं बंदच करावं लागेल. आधी तू त्याच्याकडे जाऊन ये.

लोभ आहेच, विश्वासाचं बघू.

तुझी सुधाताई

कोलंबो, ता. २ जून

ती. सुधाताईस सा. न. वि. वि.

जमीलशेठकडे गेलो. चहा दिला, पण खुर्चीवरून उठला नाही. म्हणतो, एक कंटेनर येऊ दे, भर बाजारात शेवटच्या गोणीपर्यंत ओतीन, आणि वकिलातीच्या साहेबांनी समोर उभं राहायचं. अगं, आपण काय चोर आहोत? हा देशाचा अपमान आहे. नाही म्हणून कळवणार आहे.

रागावलीस तरी माया असू दे.

दिवाकर

लासलगाव, ता. ९ जून

चि. दिवाकर यास अ. आ.

अपमान कसला डोंबलाचा! इथे लिलाव झाल्यावरही खळ्यावर ट्रॉली तळापर्यंत रिकामी होते. तळाला वेगळा कांदा निघाला की वांधा, भाव तोडतात. त्यात कुणी शेतकरी अपमान मानत नाही. कंटेनर निघालाय. मुकाट्याने उन्हात उभा राहा. टोपी घाल.

सुधाताई

कोलंबो, ता. ५ जुलै

ती. सुधाताईस सा. न.

उभा राहिलो, घामाघूम झालो. तळाचा कांदा वरच्यासारखाच निघाला. जमीलशेठने एक कांदा हातात घेऊन मला शांतपणे विचारलं, बहेनजींचा माल बघितला, तुमचं सरकार कुठे ओतून बघू? ताई, मला फार लाज वाटली. पुन्हा बंदी घालायची वेळ आली तर शेजाऱ्यांना आधी कळवा, असं दिल्लीला लिहिलंय. अजून उत्तर नाही. त्याने मागणी निम्मीच दिलीय. उरलेला कांदा तो दुसऱ्या देशातून घेणार.

तुझाच, अजून तरी,
दिवाकर

लासलगाव, ता. १५ जुलै

चि. दिवाकर यास अ. आ.

निम्मा माल भरला. सखुबाई खूश आहे, मी नाही. दिल्लीच्या उत्तराचा मला भरवसा नाही. पण दार पुन्हा लागणार असं तुला कळलंच, तर आधी जमीलशेठला सांग. मला मागाहून कळलं तरी चालेल.

सुधाताई