कापसाचा बोळा

दादा,

तू भाचीला दिलेलं कुत्र्याचं पिल्लू ठार आंधळं आहे. डॉक्टरांनी त्याच्यासमोर कापसाचा बोळा टाकला, त्याने मानसुद्धा हलवली नाही. कापसाला ना वास, ना आवाज. म्हणाले, "आजार आईबापांकडून आलाय. ही जोडी पुन्हा लावू नका, असं तुमच्या भावाला पहिल्या वेतालाच बजावलं होतं."

गिऱ्हाइकांना पिल्लू दाखवताना तू त्याच्यासमोर नेहमी बिस्कीटच का फिरवतोस, ते आता कळलं. वासावर आंधळंही मान वळवतं.

उद्या तू त्याच कुत्रीचं दुसरं पिल्लू आणतोयस म्हणे. खुशाल ये. तुझ्या लाडक्या भाचीच्या हातात मी कापूस देऊन ठेवलाय. पिल्लाने मान हलवली नाही, तर का ते तिला तूच सांग.

हे पत्र पाठवत नाही. सावध होशील.

तुझीच,
धाकटी