न धुतलेला एप्रन

४ जानेवारी

नवी नोकरी, नवं शहर आणि नवी रोजनिशी, तिन्ही एकदम. आज मी इतका खूश आहे की सामान लावताना चक्क गुणगुणत होतो. ताई म्हणाली, गाऊ नकोस, शेजारी पहिल्याच दिवशी घर सोडून जातील.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे. ताईसाठी माझी तेवढीच अट होती. पुढच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीखाली तिची शिलाई मशीन ठेवली. चार वर्षांत तिने ती चालवलेली नाही. बाहेरच्या जंतूंशी लढायचं सोडून तिच्या शरीराचे पहारेकरी तिच्याच सांध्यांवर तुटून पडतात. बोटं सुजून वाकडी झाली आहेत, सकाळी कपसुद्धा दोन हातांनी धरावा लागतो. तरी मशीन मागे ठेवायला ती तयार नव्हती. नीट उचला म्हणून हमालांना तिने दोनदा बजावलं, मला दहादा.

प्रयोगशाळा झकास आहे. माझं काम एकाच रेणूवर, त्या माजलेल्या पहारेकऱ्यांना शांत करणाऱ्या. सगळे त्याला 'एकोणचाळीस' म्हणतात, कारण आधीचे अडतीस वाया गेले. माझ्या जागी ज्या बाई होत्या त्यांनी तो बनवला. त्या आजारी पडून सोडून गेल्या, एवढंच साहेब म्हणाले. त्यांचा एप्रन माझ्या कपाटात लटकतो आहे. दुसऱ्या बटणाच्या जागी कापड गोल कापलेलं, बाटलीच्या बुचाएवढं. माझा नवा एप्रन येईपर्यंत हाच घालीन म्हणतो.

२३ जानेवारी

माझा नवा एप्रन अजून आलेला नाही आणि एकोणचाळीसही बनत नाही. म्हणजे बनतो, पण डिंकासारखा चिकट. त्याचे स्फटिक झाले तरच तो शुद्ध म्हणायचा, तरच पुढे उंदरांना द्यायचा. बाईंच्या वहीत लिहिलंय, 'थंड करताच सुंदर पांढऱ्या सुया.' मी थंड केला. तापवून पुन्हा थंड केला. काचेच्या कांडीने फ्लास्कच्या आतल्या बाजूला ओरखडे काढले, त्याने कधीकधी स्फटिकांना सुरुवात होते. डिंक तो डिंकच.

ताईला रोज विचारायची सवय लागली आहे, झाले का रे तुझे खडे? मी नाही म्हणतो. मग मी सांगितलेलं एप्रनचं भोक आठवून ती म्हणते, हात धड असते तर केव्हाच ठिगळ लावून बटण शिवून दिलं असतं.

१४ फेब्रुवारी

सतराव्यांदा डिंक. सोमवारच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की बाईंना जमलं ते मला का जमत नाही. त्यांची कृती शब्दशः पाळतो, त्यांचीच भांडी वापरतो. आता फक्त त्यांचं नशीब वापरायचं राहिलंय. फ्लास्क भिंतीवर फेकून मारावासा वाटला. मारला नाही, कारण नवा मागवायला तीन सह्या लागतात.

घरी आलो तर ताई बरणीचं झाकण उघडता येत नाही म्हणून रडत होती. मला बघून थांबली. तिच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, वर्षभरात औषध मिळालं नाही तर बोटं कायमची जातील. माझा एकेक वाया गेलेला आठवडा तिच्या बोटांतून वजा होतो, आणि हे त्या बैठकीत कुणाला सांगू?

२ मार्च

झाले!

आणि झाले ते असे की हसावं की रडावं कळत नाही. धुलाईवाल्या मावशी शुक्रवारी सगळ्यांचे एप्रन गोळा करतात. त्या कुरकुरत होत्या की आधीच्या बाईंनीही हा कधी धुवायला दिला नाही, अंगातून काढायच्यासुद्धा नाहीत, बटण तुटलं तर उभ्याउभ्या अंगावरच शिवायच्या. ऐकता ऐकता माझी ट्यूब पेटली. स्फटिकाला सुरुवात करून द्यायला तयार स्फटिकाचा एक कण पुरतो, डोळ्यांना न दिसणारासुद्धा. एकोणचाळीस बाईंकडेच होत होता, कारण त्यांचे कण त्यांच्या एप्रनवर होते.

मी बाही फ्लास्कवर झटकली. चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात सगळा डिंक पांढऱ्या सुयांनी भरून गेला.

आता हा एप्रन धुवून चालणार नाही. मावशींच्या हाती लागू नये म्हणून शुक्रवारी घरी आणायचं ठरवलं. दाराच्या मागे खुंटीला टांगलाय. हे साहेबांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर एप्रन तिजोरीत जाईल आणि मी पुन्हा डिंकात.

२० मार्च

आता बाहीची गरजही उरलेली नाही. फ्लास्क नुसता उघडा ठेवला तरी सुया धरतात, म्हणजे कण हवेतच आहेत. साहेब खूश. उंदरांची सूज दोन दिवसांत उतरली, तीही इतक्या कमी मात्रेत की वजनकाट्यावर दिसू नये.

ताईने आज बरणी उघडली. एका हाताने.

२६ मार्च

ताईची बोटं जवळजवळ सरळ झाली. डॉक्टर म्हणाले, हवापालट मानवला. ती रोज सकाळी खुंटीवरचे कपडे खिडकीशी नेऊन झटकते, शनिवार-रविवारी एप्रनसुद्धा. एकोणचाळीस तिच्या पोटात कसा गेला ते मला कळतंय. मी थांबवायला हवं होतं. पण ती मशीनवर बसली होती, चार वर्षांनी, आणि पायाने ताल धरून स्वतःशीच हसत होती. मी चहा करून तिच्याजवळ ठेवला आणि गप्प बसलो.

८ एप्रिल

उंदीरघर सांभाळणाऱ्या काकांनी मुद्दाम बोलावून घेतलं. उंदीर ठणठणीत, खातात पितात. पण पिंजऱ्यात अंथरलेला लाकडाचा भुसा त्यांच्या कातडीत रुजला आहे. चिकटलेला नाही, रुजलेला. कातडी भुशावरून वाढली आहे, केस त्यातून आले आहेत. कुठे लाली नाही, पू नाही. काकांनी चिमट्याने एक कपची ओढली तर रक्त आलं. उंदीर खातच राहिला.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, भुसा हलक्या प्रतीचा आहे, बदला.

९ एप्रिल

डाव्या अंगठ्यात काच आहे. फेब्रुवारीत कांडी तुटली होती, तेव्हाची असणार. वरून कातडी सलग, बोट फिरवलं की आत टोक लागतं. दुखत नाही. मला कधी दुखलंच नाही.

शरीराला आपलं कोण आणि परकं कोण हे कळेनासं झालंय. पहारेकरी शांत झालेले नाहीत. ते येईल त्याला घरचा समजून आत घेताहेत.

१० एप्रिल

ताईला सगळं सांगितलं. हात दाखव म्हणालो, तिने पदराआड लपवले. शेवटी दाखवले. उजव्या तर्जनीच्या पेरातून निळा दोरा आरपार गेलेला, दोन्हीकडे कातडी बंद. सुई लागली असेल कधीतरी, म्हणाली. आणि मग शांतपणे म्हणाली, "छोट्या, चार वर्षं माझी वेणी तू घातलीस. दोऱ्याचं काय एवढं?"

मला संताप आला. तिचा नाही. माझा, साहेबांचा, त्या वहीतल्या सुंदर पांढऱ्या सुयांचा.

११ एप्रिल

साहेबांनी ऐकून घेतलं नाही. माणसांवरच्या चाचणीची तारीख ठरली आहे. म्हणाले, तू थकलायस, रजा घे. निघताना एप्रन घरी घेऊन आलो.

बाईंचा पत्ता मागितला. कुणाकडेच नाही —

घरातली जमीन, पडदे, अंथरुणं पुसून काढली. पण एक कण पुरतो. कुठवर पुसू?

१२ एप्रिल, सकाळ

एप्रन जाळायचा, आजच. ताईने दारात अडवलं. रडली नाही. म्हणाली, जाळ, पण बटणाचं मी बोलले होते, तेवढं करू दे. अंगात घाल, नीट बसतंय ते बघते.

चार वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. नाही म्हणवेना.

उभा राहिलो. तिने ठिगळ लावलं, वर बटण शिवलं. टाके एकसारखे, पूर्वीसारखे. मला काही जाणवलं नाही. दोघंही हसत होतो.

१२ एप्रिल, दुपार

एप्रन निघत नाही.

निरीक्षण लिहून ठेवतो. टाके ठिगळातून, शर्टातून, छातीच्या कातडीतून गेले आहेत. सकाळचे टाके — कातडी त्यांच्यावर आत्ताच बंद झाली आहे. इतक्या लवकर नाही व्हायला पाहिजे. लाली नाही. दुखत नाही.

ते गोल भोक. बाईंनी तिथलं कापड कापून स्वतःला सोडवलं. कापलेला तुकडा त्यांच्याच —

ताईला हाक मारली, कात्री आण. मोठी, कापडाची.

येते म्हणाली. आली नाही. पुन्हा हाक मारली.

मशीन चालू आहे. मघापासून चालूच आहे, थांबत नाही. ती आतून म्हणते आहे, अगदी शांतपणे, "अरे, तूच ये ना इकडे. माझा हात कापडातून निघत नाहीये, आणि पाय पायडलवरून —"

जातो. कात्री तिच्याजवळच आहे. पण आधी हे पेन, ते बोटांतून सुट