आठ मिनिटं आधीची घंटा

ता. ६ जुलै

चि. भिंगरीस आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र काल पोचलं. नेहमीसारखं दार लावून, चष्मा पुसून, अक्षराखाली बोट ठेवून वाचलं. पहिल्या खेपेला अर्धं कळलं, दुसऱ्या खेपेला सगळं, तिसऱ्यांदा नुसतं मजेसाठी. खालच्या दुकानातला शिंपी म्हणत होता, आणा इकडे, वाचून दाखवतो. त्याला सांगितलं की हे माझ्या नातीचं पत्र आहे, तुझी मापाची वही नव्हे. शिकले दोनच इयत्ता, पण तुझ्या पत्रापुरतं येतं मला.

तर तुमच्या मोठ्या बाईंनी यंदा शाळेची कामं मुलांत वाटली, हे झकास झालं. आपली शाळा आपणच सांभाळायची. कुणाकडे पाण्याचं पिंप, कुणाकडे पुस्तकांचं कपाट, नि माझ्या नातीकडे थेट घंटा! तुझा बाबा लहानपणी पातेली बडवायचा, तेव्हा शेजारीण भांडायला आली होती. तिला आता ऐकू कमी येतं, म्हणून तुझी बातमी दोनदा ओरडून सांगितली. जिन्यातल्या सगळ्यांना आपोआप कळली.

वीस वर्षं ती घंटा शिपाईकाकांनी वाजवली म्हणतेस, तर त्यांचा मान ठेव. घड्याळ बघूनच टोल दे. मिनिटभर इकडे नको की तिकडे नको. बाकी क्षेम. माया आहेच, ती पत्रागणिक वाढू दे.

तुझी आजी

ता. १४ जुलै

ती. आजीस भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

एक गोष्ट फक्त तुला सांगते, आईला कळवू नकोस. माझ्या बाकावरची मैत्रीण बोलताना अडखळते. माझ्याशी थोडीच, पण वर्गात उभी राहिली की फार. काल बाईंनी तिला धडा वाचायला सांगितला. तिसऱ्या ओळीत ती अडकली आणि मागून खुसखुस सुरू झाली. बाई रागावल्या, तर मुलं तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तिचे कान लालभडक झाले.

घंटेसाठी मी सुट्टीच्या दहा मिनिटं आधी वर्गातून निघते. काल ती अजून तशीच उभी होती, म्हणून मी घड्याळाखाली थांबलेच नाही. सरळ हातोडा घेतला आणि टोल दिले. आठ मिनिटं बाकी होती! सगळी शाळा मैदानात. सगळ्यांना वाटलं, घड्याळच पुढे गेलं. मी काही बोलले नाही. तिने डब्यातला मोठा वाटा मला दिला.

आजी, हे वाईट झालं का?

तुझी भिंगरी

ता. १८ जुलै

चि. भिंगरीस अ. उ. आ.

अगं वाईट कसलं? मी तर पत्र वाचून एकटीच टाळ्या पिटल्या! मैत्रिणीसाठी अख्खी शाळा बाहेर काढलीस. एवढं धाडस तुझ्या बाबातही नाही, तो अजून दुकानदाराकडे सुटे मागायला लाजतो. नावं न घेता शिंप्याला गोष्ट सांगितली, तर हसता हसता त्याने कुणाच्या तरी शर्टाची बाही उलटी शिवली. आता उसवत बसलाय.

कुणाला सांगू मात्र नकोस. झाकली मूठ झाकलेलीच बरी. घड्याळावर आलंय तर घड्याळावर राहू दे, ते बिचारं काही साक्ष द्यायला येत नाही. पोटभर जेव. आजीवरचा जीव असाच राहू दे.

तुझी आजी

ता. २३ जुलै

ती. आजीस शि. सा. न.

तू सांगितलंस तशी मी गप्प राहिले. पण घड्याळाला किल्ली देण्याचं काम अजून शिपाईकाकांचंच आहे. मोठ्या बाई सगळ्यांसमोर त्यांना म्हणाल्या की वय झालं, आता लक्ष राहत नाही, हेही काम दुसऱ्याला द्यावं लागेल. काका म्हणाले, असेल बाई, चुकलं असेल. मग शिडीवर चढून ते घड्याळ उघडून बघत बसले. आजी, त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मला जेवण जात नाही. सांगितलं तर घंटा जाईल. आणि का वाजवली विचारलं, तर मैत्रिणीचं नाव निघेल, आणि पुन्हा सगळे हसतील. लवकर लिही.

भिंगरी

ता. २६ जुलै

चि. भिंगरीस अ. उ. आ.

चूक माझी, बाळा. झाकली मूठ म्हणाले खरी, पण त्या मुठीत एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू होती, ती मला दिसली नाही.

मी एवढी का हुरळले तेही सांगते. आजवर तुम्हा सगळ्यांना सांगत आले की धाकट्या भावाला सांभाळायला माझी शाळा सुटली. ते खोटं. भाऊ आईच्या कडेवर मजेत होता. मला दुसरीत वाचायला उभं केलं, एका शब्दाशी अडले, वर्ग हसला. मी पाटी तिथेच टाकून घरी आले, ती आलेच. साठ वर्षांत कुणासमोर एक ओळ वाचली नाही. पत्र वाचताना दार उगीच नाही लावत. तुझी घंटा मला माझ्यासाठीच वाजल्यासारखी वाटली गं. पण माझ्या आनंदाची किंमत काकांनी का मोजावी?

आधी काकांना जाऊन सांग, मग मोठ्या बाईंना. मी वाजवली, एवढंच सांगायचं. मैत्रिणीचं नाव तिचं आहे, ते तिने द्यायचं. घंटा गेली तर जाऊ दे. लिहिता लिहिताच चपला घातल्यात, हे आत्ता पेटीत टाकते.

तुझी चुकलेली आजी

ता. ३ ऑगस्ट

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

सांगितलं! आधी काकांना. ते म्हणाले की घड्याळ चुकलं नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनी मला खिडकीतून बघितलंही होतं. पण सांगणं माझं काम होतं, त्यांचं नाही. मग सकाळी सगळी शाळा ओळीत उभी असताना मी पुढे गेले. मोठ्या बाईंनी कारण विचारलं, तेव्हा गप्प राहिले. त्यांनी सगळ्यांसमोर काकांची माफी मागितली. माझ्याकडून हातोडा महिनाभरासाठी काढून काकांना दिला. मी रडले नाही. थोडीच रडले.

आणि आजी, तेवढ्यात माझी मैत्रीण ओळीतून बाहेर आली. तिला एकच गोष्ट सांगायची होती, पण पहिल्याच अक्षराला अडकली. मागे कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं. पहिल्या तासाची वेळ झाली. काकांनी हातोडा उचलला, तिच्याकडे बघितलं आणि हळूच खाली घेतला. सगळी शाळा थांबली. ती म्हणाली, घंटा तिच्यासाठी वाजली होती. पण पुढच्या वेळी वाजवू नका, तिला धडा शेवटपर्यंत वाचायचाय.

मग टोल पडला. चार मिनिटं उशिरा! मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलंच नाही. आता आमच्या वर्गाने ठरवलंय, वाचणाऱ्याची ओळ पुरी झाल्याशिवाय कुणीही पान उलटायचं नाही. मागच्या बाकानेच सुचवलं.

तुझी बिनघंटेची भिंगरी

ता. ७ ऑगस्ट

चि. भिंगरीस आणि तिच्या मैत्रिणीस आजीचे अ. उ. आ.

पत्र आलं. दार लावलं, चष्मा पुसला. मग दार उघडलं आणि पत्र घेऊन शिंप्याच्या दुकानात गेले. त्याला म्हटलं, आज मी वाचणार, तू ऐकायचं. एक गिऱ्हाईक माप द्यायला उभं होतं, त्यालाही बसवलं.

काका खिडकीतून बघत होते तिथपर्यंत बरी गेले, पुढे माफीपाशी अडले. तोंडच उघडेना. शिंप्याने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. माझी ओळ पुरी झाली, तेव्हा कुठे चाक फिरलं. असं पाच वेळा झालं. गिऱ्हाईकाला उशीर झाला असणार, पण तेही घड्याळाकडे बघायला विसरलं.

मैत्रिणीला सांग, तिनेही मला चार ओळी लिहाव्यात. मोठ्याने वाचीन. दोघी एकमेकींना जीव लावा, मी इथे आहेच.

तुझी आजी
इयत्ता दुसरी (पुन्हा सुरू)